लाँड्रीतल्या अकरा जणी

अध्यक्षबाईंना युनियनच्या अध्यक्ष होऊन नऊ वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात त्यांचं खरं नाव दवाखान्याच्या हजेरीपत्रकापुरतंच उरलं होतं. त्या पुरुषांच्या सर्जरी वॉर्डात सिस्टर होत्या. पण पेशंटसुद्धा दोन दिवसांत "अध्यक्षबाई, सलाईन संपलं हो" अशी हाक मारायला लागत. घरी नवरा स्वयंपाकघरातून ओरडून विचारायचा, "अध्यक्षबाई, भाजीत मीठ मी घालू की सभा बोलावताय?" त्या हसायच्या. सभेशिवाय काही करायचं नाही हा त्यांचा हेका सगळ्यांना ठाऊक होता.

त्या सोमवारी सकाळची ड्रेसिंग उरकून त्या हात धूत होत्या, तेवढ्यात साहेबांचा निरोप आला. साहेब म्हणजे दवाखान्याचे प्रशासक. माणूस तसा वाईट नव्हता. बोलताना समोरच्याकडे न बघता टेबलावरच्या कागदांचे कोपरे जुळवत बसायची त्यांना सवय होती.

"बाई, आनंदाची बातमी आहे," ते म्हणाले. "तुमच्या कंत्राटी अडतीस जणांना कायम करायला वरून मंजुरी आली."

अध्यक्षबाई खुर्चीवरून अर्ध्या उठल्याच. सहा वर्षं त्या या एका गोष्टीसाठी जोडे झिजवत होत्या. अकरा महिन्यांचं कंत्राट, मग एक दिवसाचा खंड, की पुन्हा अकरा महिने. नर्स, आया, वॉर्डबॉय, सगळे मिळून अडतीस जण वर्षानुवर्षं असे टांगलेले होते.

"आणि दुसरा कागद?" त्यांनी विचारलं. साहेबांच्या हाताखाली दुसरा कागद होता, आणि त्याचे कोपरे ते मघापासून फारच काळजीने जुळवत होते.

दुसरा कागद लाँड्रीचा होता. दवाखान्याची लाँड्री बंद करून सगळे कपडे बाहेरच्या कंपनीला धुवायला द्यायचे. जुन्या करारात कलम होतं, की युनियनच्या लेखी संमतीशिवाय लाँड्री बाहेर देता येणार नाही. तीच संमती हवी होती.

"दोन्ही एकाच ठरावात आहेत," साहेब म्हणाले. "एक घ्यायचं तर दुसरं घ्यावंच लागेल."

"लाँड्रीत अकरा जणी आहेत."

"त्यांना जमेल तिथे सामावून घेऊ, असं लिहिलंय ना खाली."

"जमेल तिथे म्हणजे कुठे?"

साहेबांनी पहिल्यांदा वर बघितलं. "तुमच्याशी खोटं बोलत नाही बाई. कुठेच नाही. शुक्रवारपर्यंत उत्तर द्या."

लाँड्री तळघरात होती. उतरतानाच जिन्यावर वाफेची ऊब अंगावर यायची. एका बाजूला रक्ताचे, घाणीचे, वांतीचे कपडे निवडायची टेबलं, मधे भिंतीएवढी धुण्याची यंत्रं, पलीकडे चादरी दाबायचा लांबच लांब गरम रोलर. दोघी एका टोकाने चादर रोलरमध्ये सारत आणि दोघी दुसऱ्या टोकाला झेलून चार घड्या घालत, बोलता बोलता, न बघता. त्यांच्यात सगळ्यात जुनी होती ती मोठी मावशी. बुटकी, रुंद खांद्यांची, आणि यंत्रांच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे शेजारच्या माणसाशीही ओरडूनच बोलणारी. तिने कानात काही सांगितलं तर ते अख्ख्या तळघराला कळायचं, असं बाकीच्या म्हणायच्या.

खरं तर युनियन जन्मली ती याच तळघरात. अठरा वर्षांपूर्वी चादरीत गुंडाळून आलेली वापरलेली सुई एकीच्या तळव्यात घुसली आणि ती बाई सहा महिने अंथरुणाला खिळली. तेव्हा मोठ्या मावशीने यंत्रं बंद केली. जाड हातमोजे मिळेपर्यंत आणि वॉर्डातून सुया वेगळ्या यायला लागेपर्यंत एकही चादर धुणार नाही, म्हणाली. तिसऱ्या दिवशी वॉर्डात चादरी संपल्या. अध्यक्षबाई तेव्हा नुकत्या लागलेल्या पोरसवदा सिस्टर. त्या चांगल्या तावातावाने भांडायला खाली आल्या होत्या. मावशीने त्यांना निवडायच्या टेबलाशी उभं केलं आणि एक गाठोडं पुढे सोडलं. त्यातून चार सुया निघाल्या, आणि त्यातल्या दोन अध्यक्षबाईंच्या स्वतःच्या वॉर्डातल्या होत्या. त्या वर गेल्या आणि आणखी सहा सिस्टरना घेऊन खाली आल्या. सभासदांची पहिली यादी लिहिली गेली ती तिथेच.

आता त्याच टेबलाशी उभं राहून त्यांनी मावशीला सगळं सांगितलं. रोलर चालू होता, तरी हळूहळू सगळ्या जणी जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"मी नाही म्हणून कळवते," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता जाऊन सांगते."

"असं कसं सांगतेस?" मावशी ओरडली. "कंपाउंडरला कशासाठी काढला आपण?"

कंपाउंडर म्हणजे आधीचा अध्यक्ष. त्याने एकदा बंद खोलीत, कुणालाही न विचारता, एका करारावर सही केली होती. त्याला काढून युनियनने अध्यक्षबाईंना निवडलं, आणि त्यांनी पहिला नियम लिहिला तो हा: होकार असो की नकार, सभेला विचारल्याशिवाय अध्यक्षाने द्यायचा नाही, आणि सभेने ठरवलेलं अध्यक्षाने मोडायचं नाही. मतं हात वर करून, सगळ्यांच्या देखत. मोजायची मोठ्या मावशीने, कारण तिच्या मोजणीवर कुणी शंका घेत नसे.

"सभा घे," मावशी म्हणाली. "आपलीच माणसं आहेत. विचारून तर बघ."

ती अगदी निश्चिंत होती. अध्यक्षबाईंना धास्ती वाटली ती त्या निश्चिंतपणाचीच.

घरी जिन्यातच त्यांना त्यांची धाकटी जाऊ भेटली. दीर आणि जाऊ वरच्या मजल्यावर राहत. जाऊ त्याच दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात नर्स होती, कंत्राटी, त्या अडतिसांतली. तिला पाचवा महिना होता. कंत्राटी नर्सला बाळंतपणाची रजा नव्हती. घरी बसलं की कंत्राट संपलं. दोन वर्षांपूर्वी या भीतीपोटी तिने दिवस गेल्याचं कुणाला सांगितलं नव्हतं, जड पेशंट उचलत राहिली होती, आणि पुढे जे झालं त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे.

"ताई, ऐकलं मी," जाऊ म्हणाली. "सगळ्या वॉर्डात तेच चाललंय."

"हं."

"तुम्हाला अवघड होईल असं मला काही बोलायचं नाही. पण मत घेतलंत तर मी हात वर करणार. आधीच सांगून ठेवते, नाहीतर चोरी केल्यासारखं वाटेल."

अध्यक्षबाई कठड्याला टेकल्या. "कर बाई."

"रागावलात?"

"रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. तुझं चुकतंय असं मला म्हणताच येत नाही."

जाऊ रडायला लागली. अध्यक्षबाईंनी तिला पायरीवर बसवलं आणि पाणी आणून दिलं. नवरा दारातून डोकावला आणि एकही विनोद न करता आत गेला.

पुढचे दोन दिवस अध्यक्षबाईंनी जंग जंग पछाडलं. युनियनचा सेक्रेटरी एक्स-रे खात्यात टेक्निशियन होता. काटकुळा, शांत, कलमं तोंडपाठ असलेला. त्याला घेऊन त्या साहेबांकडे गेल्या. लाँड्रीतल्या बायकांना आया म्हणून वॉर्डात घ्या, म्हणाल्या. आयांच्या जागेला शिक्षणाची अट होती आणि ती अकरापैकी दोघीच पुरी करत होत्या. त्या दोघींची वयं अटीत बसत नव्हती. दोन्ही गोष्टी वेगळ्या करा, म्हणाल्या. साहेब म्हणाले, माझ्या हातात असतं तर केलं असतं. बुधवारी त्या बसने वरच्या कार्यालयात गेल्या आणि चार तास बाकावर बसल्या. शेवटी ज्याच्याशी बोलणं झालं तो एक कारकून होता. त्याने फाईल उघडून पुन्हा बंद केली.

"युनियनने नाही म्हटलं तर?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"तर पूर्ण ठराव रद्द. आणि कंत्राटं महिनाअखेर संपतायत. ती वाढवायची नाहीत, असा शेरा आहे." त्याने चष्मा काढून पुसला. "मी फक्त वाचून दाखवतोय, बाई."

परत येताना बसमध्ये सेक्रेटरी म्हणाला, "संप करायचा का?"

"कोण येईल? महिनाअखेर ज्यांची नोकरी जायचीय ते?"

"अतिदक्षता विभागातली माणसं बाहेर काढली तर दोन तासांत ऐकतील."

"दोन तासांत माणूस मरतो. तो शब्द पुन्हा काढू नकोस."

"काढत नाही. पण मग आपल्या हातात आहे काय?"

अध्यक्षबाईंना नऊ वर्षांत प्रत्येक वेळी कुठे ना कुठे एखादी फट सापडली होती. कुणाला तरी भेटून, कुणाला तरी धारेवर धरून, एखादी तारीख पुढे ढकलून मार्ग निघायचा. या वेळी चारही बाजूंनी भिंतच होती, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसं होती.

शुक्रवारी दुपारी ओपीडी संपल्यावर तिथल्याच मोठ्या हॉलमध्ये सभा भरली. पेशंटच्या बाकांवर सिस्टर, आया, वॉर्डबॉय, लॅबवाले दाटीने बसले. एकशे चाळीस जण आले होते. एवढी गर्दी कुठल्याच सभेला झाली नव्हती. लाँड्रीतल्या अकरा जणी पहिल्या बाकांवर होत्या, रोलरच्या उष्णतेने लाल झालेल्या चेहऱ्यांनी, ओले हात पदराला पुसत.

सेक्रेटरीने दोन्ही कागद वाचले. मग अध्यक्षबाई उभ्या राहिल्या. काय बोलायचं ते त्यांनी दोन दिवस मनात घोळवलं होतं. अठरा वर्षांपूर्वीचं सांगितलं. हातमोजे कुणामुळे मिळाले ते सांगितलं. "आज अकरा जणी जातील," त्या म्हणाल्या, "उद्या स्वयंपाकघर जाईल, परवा लॅब जाईल. ज्यांनी आपल्याला उभं केलं, त्यांना सोडून आपण…"

"तुमच्याही घरात कायमची ऑर्डर यायचीय, तरी आम्हाला नाही म्हणायला सांगताय?" मागून कुणीतरी ओरडलं.

आवाज कुणाचा होता ते अध्यक्षबाईंनी ओळखलं. चांगली मुलगी होती, अडतिसांतलीच, लहान मुलाला शेजारणीकडे ठेवून ड्युटीला यायची. ती रागाने नाही, भीतीने ओरडली होती. पुढचं वाक्य काय ठरवलं होतं तेच अध्यक्षबाईंना आठवेना. त्या खाली बसल्या.

त्यानंतर बरेच जण बोलले. एक वॉर्डबॉय म्हणाला, "वाईट वाटतंय, देवाशपथ वाटतंय, पण अडतीस घरं आहेत." एक म्हातारी सिस्टर म्हणाली, मी तर पुढच्या वर्षी निवृत्त होतेय, पण लाँड्रीला हात लावायचा म्हणजे स्वतःच्या आईला घराबाहेर काढण्यासारखं आहे. काहींनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थोड्याच होत्या.

"मावशी, तुम्ही बोलता?" सेक्रेटरीने विचारलं.

मोठी मावशी उठली. पहिल्यांदाच तिचा आवाज जरा खाली होता, तरी शेवटच्या बाकापर्यंत गेला. "मी काय बोलू? काढायचं तर काढा. फक्त ते 'जमेल तिथे' खोडा. सरळ लिहा, की काढल्या."

मग मतं घेतली. ठरावाच्या बाजूने कोण, असं सेक्रेटरीने विचारलं, आणि थोडा वेळ एकही हात वर झाला नाही. सगळे एकमेकांकडे बघत होते. मग मधल्या बाकावर जावेने हात वर केला. खाली मान घालून, पण पूर्ण वर. तिच्या मागोमाग दहा, वीस, मग भराभर. मोठी मावशी नेहमीसारखी बाकांच्या मधून चालत मोजायला लागली. तिला नको म्हणायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. अध्यक्षबाईंच्या आलं, पण तोंडातून शब्द फुटेपर्यंत मावशी मागून तिसऱ्या बाकापर्यंत पोचली होती.

मागून मोजत मोजत ती पुढे आली. पहिल्या बाकावर एक हात वर होता. लाँड्रीतलीच, रोलरवर मावशीच्या समोर उभी राहून चादर झेलणारी. तिची मुलगी अडतिसांत होती, बाळंतिणींच्या वॉर्डात आया. बाईचे डोळे मिटलेले होते.

मावशी तिच्यासमोर थांबली. मग तिच्या खांद्यावर थोपटलं आणि पुढचा आकडा म्हटला.

"सत्त्याण्णव," तिने सांगितलं.

विरोधात एकतीस निघाले. बारा जणांनी दोन्ही वेळा हात मांडीवरच ठेवले. अध्यक्षांना मत फक्त बरोबरी झाली तरच होतं.

हॉल रिकामा झाल्यावर अध्यक्षबाई युनियनच्या खोलीत गेल्या. पूर्वी तिथे प्लास्टर घालायचे, भिंतींवर अजून पांढरे शिंतोडे होते. त्यांनी कोरा कागद घेऊन राजीनामा लिहायला सुरुवात केली. दोन ओळी झाल्या असतील, तोच मोठी मावशी आत आली. खुर्ची ओढून बसली आणि कागद उलटा धरून वाचायचा प्रयत्न केला.

"काय लिहितेस?"

"सोडते मी, मावशी. माझ्याच्याने सही होणार नाही."

"आणि तू सोडल्यावर? लाँड्री राहणार का?"

"नाही."

"मग?"

अध्यक्षबाईंनी पेनाला टोपण लावलं.

"तुला बरं वाटावं म्हणून सोडायचंय तुला," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सोसत नव्हतं. "तुला बरं वाटेल गं. आम्हाला काय?"

"मी काय करू, तुम्हीच सांगा."

मावशीने बराच वेळ विचार केला. खरंच केला. अध्यक्षबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या, जणू अजून काहीतरी निघेल.

"मलाही काही सुचत नाही बघ," मावशी शेवटी म्हणाली आणि गुडघ्यावर हात दाबून उठली. "चारच्या ढकलगाडीत तुझ्या वॉर्डाच्या चादरी आहेत. जाते."

सोमवारी अध्यक्षबाईंनी साहेबांसमोर सही केली. त्याआधी म्हणाल्या, "हे 'जमेल तिथे' खोडून द्या. त्यांची तेवढीच मागणी आहे."

साहेबांना खरोखर वाईट वाटलं. "मजकुरात एक अक्षर बदललं तरी फाईल पुन्हा वर जाईल. तोवर महिना संपेल."

तेसुद्धा झालं नाही.

महिनाअखेर यंत्रांच्या नळ्या सोडवल्या. निरोपसमारंभ नको, असं अकरा जणींनी आधीच कळवलं होतं. तिघींना बाहेरच्या कंपनीने घेतलं, पण ती गावाबाहेर, दोन बस बदलून जावं लागायचं. त्यातली एक आठवड्यात घरी बसली. मुलीसाठी हात वर करणारी बाई जाताना कुणाशी बोलली नाही. तिच्याशी मात्र सगळ्या बोलल्या. वॉर्डात आता प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून चादरी यायच्या. बऱ्या धुतलेल्या असायच्या, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नव्हता. जावेला कायमची ऑर्डर मिळाली, वेळेवर रजा मिळाली आणि मुलगी झाली, टुणटुणीत. घरात त्या आनंदात अध्यक्षबाईही होत्या. बाळाला मांडीवर घेऊन बसल्या की त्यांना दुसरं काही आठवत नसे. आणि ते आठवलं नाही हे आठवलं, की बाळ जावेकडे देऊन त्या उठायच्या.

पुढच्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध कुणी उभंच राहिलं नाही. सगळे म्हणाले, तुमच्यासारखं नियमाने चालणारं दुसरं कोण आहे. त्या नाही म्हणाल्या, मग हो म्हणाल्या. कुणीतरी हवंच होतं.

एकदा सकाळी त्या ओपीडीतून वॉर्डाकडे चालल्या होत्या. हाडांच्या डॉक्टरांची रांग दारापर्यंत आली होती, आणि तिच्यात मोठी मावशी उभी होती. हातात केसपेपर, एका पायावर भार देऊन. नोकरीत असताना दवाखान्यातल्या माणसाला रांग नसायची. मागच्या दाराने आत जाऊन दाखवून यायचं.

"मावशी! इथे काय उभ्या राहिलात? चला, मी आत नेते."

"नको गं." मावशीचा आवाज अजून तसाच मोठा होता, सगळी रांग वळून बघायला लागली. "पुढे बावीस जण आहेत. मोजलेत मी. होईल नंबर."

"गुडघा का?"

"दोन्ही. बसून बसून आखडले. घरी काम ते काय असतं?" तिने केसपेपर दुसऱ्या हातात घेतला. "जावेला मुलगी झाली म्हणे?"

"हो. तीन महिन्यांची होईल."

"दूध पुरतं का अंगावरचं?"

"पुरतं."

"मग झालं तर."

अध्यक्षबाईंना पुष्कळ बोलायचं होतं. रांग एका माणसाने पुढे सरकली आणि मावशीही सरकली. त्या तिच्याबरोबर एक पाऊल पुढे गेल्या. वरच्या मजल्यावरून कुणीतरी त्यांना हाक मारत होतं, अकरा नंबरच्या पेशंटची पट्टी भिजली होती.

"जा तू," मावशी म्हणाली. "पेशंट खोळंबलाय."

"खुर्ची तरी आणून देऊ?"

"रांगेत खुर्ची कुठे ठेवणार? मागच्यांना जायला वाट नाही राहायची."

पुन्हा हाक आली. अध्यक्षबाई जिन्याकडे निघाल्या. वळणावर थांबून त्यांनी खाली बघितलं. मावशीच्या पुढे एकवीस जण होते.